'पण लक्षात कोण घेतो' सिलॅबसला आहे, राग पण येतोय आणि सोडवत पण नाहीये

काळी_माती

नमस्कार सगळ्यांना. मी एसवायबीएला आहे, मराठी स्पेशल. या सेमिस्टरला आम्हाला ह. ना. आपटेंची 'पण लक्षात कोण घेतो' लावलीये, आणि उतारे वगैरे नाही, अख्खी कादंबरी. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की गाईड वाचून आलेलं मला लगेच कळतं, त्यामुळे मी लायब्ररीतून पुस्तक काढलं आणि तेव्हापासून नाकी नऊ आलेत.

आधी भाषेचं सांगते. आमच्या लायब्ररीतली प्रत जुनी आहे, प्रत्येक ओळीत अनुस्वारच अनुस्वार, 'घरांत', 'तें', 'नाहीं', पहिले दोन दिवस तर मला ओळ नीट लागतच नव्हती. ते आता जमायला लागलंय. पण माणसं! सासरी इतकी माणसं आहेत की कोण कोणाचा कोण हे वहीत मागच्या पानावर लिहून ठेवावं लागलं. आणि बाई सांगायला लागली की सांगतच सुटते, मध्येच म्हणते की विषय भलतीकडे गेला, आणि परत तिकडेच जाते.

पण खरी अडचण ही नाहीये. मला यमूचा, म्हणजे ही गोष्ट सांगणाऱ्या बाईचा, राग येतो. म्हणजे ते तिच्या सासरचे शंकरमामंजी काय वाट्टेल ते बोलतात, घरातले सगळे मूग गिळून बसतात आणि ही पण बसते. वर्गात मी हे बोलले तर एक मैत्रीण माझ्यावर भडकलीच, म्हणाली तू त्या काळात असतीस तर काय केलं असतंस. ती मैत्रीण पुस्तक वाचताना रडते, खरंच रडते, आणि मी मात्र चिडते. मागच्या बाकावरची पोरं म्हणतात नुसतं रडगाणं आहे. मॅडम म्हणाल्या तिन्ही बरोबर आहे, पुढे वाचा.

अजून एक गोष्ट आहे ती वर्गात बोलले नाही, इथे बोलते. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या खेड्यातली आहे. आमच्याकडे सोवळंओवळं, वाडा, माजघर असलं काही नव्हतं. माझ्या पणजीचा पहिला नवरा वारला तेव्हा तिचा पाट लावून दिला होता, आमच्या समाजात ते चालायचं, तिला पुढे चार लेकरं झाली आणि त्यातलाच एक माझा आजोबा. म्हणजे यमूच्या जातीतली रीत आमच्यात असती तर मी जन्मालाच आले नसते. मग वाचताना सारखं वाटतं की हे दुसऱ्यांच्या घरातलं दुःख आहे, मी ते 'मराठी स्त्रीचं दुःख' म्हणून पेपरात का लिहू? हे वाटणं चूक आहे का ते मला खरंच कळत नाहीये. आणि तरी रात्री पुस्तक खाली ठेववत नाही, हे पण खरं आहे.

सध्या अर्ध्याच्या जरा अलीकडे आहे. ज्यांनी पूर्ण वाचलीये त्यांनी सांगा, पुढे काही बदलतं का? आणि तुम्ही कशी वाचली?

नाशिककर_०७

सेम टू सेम ताई. मी टीवायला आहे, आम्हाला गेल्या वर्षी होती. परीक्षेपुरतं विचारत असशील तर प्रश्न ठरलेले असतात, यमूची व्यक्तिरेखा, शंकरमामंजींची व्यक्तिरेखा, आत्मचरित्रात्मक निवेदन, आणि 'तत्कालीन समाजाचं चित्रण' हा तर फिरून फिरून येतो. गाईडमधून लिहून पास होता येतं, आमच्या वर्गात बऱ्याच जणांनी तसंच केलं आणि मार्क पण बरे पडले.

पण वाचायचीच असेल तर मुंबईचा भाग येईपर्यंत सोडू नको एवढंच सांगतो. यमू आणि तिचा नवरा रघुनाथराव मुंबईला बिऱ्हाड करतात तिथून पुस्तकात एकदम हवा येते. नवराबायको दोघं बसून बोलतात, वाचतात, मित्रांची येजा असते, ती पहिल्यांदा मोकळेपणी हसते. मला ते वाचताना भारी वाटायचं आणि भीती पण वाटायची, कारण ही सगळी गोष्ट ती मागे वळून सांगतेय आणि कशी संपणारे हे आपल्याला आधीच माहिती असतं. त्याच्यापुढचं मी सांगत नाही.

रडगाणं म्हणणाऱ्या पोरांना सांग, शेवटचा भाग वाचून मग बोला.

जुनं_कपाट

काळी_माती, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, जरा सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं ही कादंबरी शिकवली आहे, आता निवृत्त आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही कादंबरी अशी पुस्तक म्हणून एका दमात वाचण्यासाठी लिहिलेलीच नाही. हरिभाऊंनी, म्हणजे आपट्यांनी, १८९० साली 'करमणूक' नावाचं साप्ताहिक काढलं, त्यातून ही क्रमशः येत होती, पुस्तक झालं १८९३ ला. म्हणजे वाचकाला आठवड्याला थोडं थोडं मिळायचं. मग यमूचं 'मी कुठे होते बरं, हां' असं फिरून मूळ गोष्टीवर येणं, आधीची हकीकत परत सांगणं, हे त्या वाचकासाठी होतं, त्याला मागचा अंक आठवायचा असायचा. तुम्ही सेमिस्टरच्या घाईत शंभर शंभर पानं वाचायला बसलात तर तेच पाल्हाळ वाटणार. मी मुलांना सांगायचो की रोज एक किंवा दोन प्रकरणं वाचा आणि पुस्तक मिटा, त्याच्या पुढे जाऊच नका. ज्यांनी ऐकलं त्यांची तक्रार कमी झाली, सगळी गेली असं म्हणणार नाही.

दुसरं, ते आठवडे कोणते होते ते बघा. संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ मध्ये झाला. त्यात काय होतं, तर मुलीशी, मग ती स्वतःची लग्नाची बायको का असेना, शरीरसंबंध ठेवायची किमान वयोमर्यादा दहावरून बारा केली. दहावरून बारा, आणि एवढ्यावरून पुणं पेटलं होतं. 'केसरी'तून टिळक विरोधात, 'सुधारक'मधून आगरकर बाजूने, सभा उधळल्या जात होत्या. त्याच्या थोडं आधी रखमाबाईंचा खटला गाजून गेला होता, नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा असा निकाल कोर्टाने १८८७ ला दिला होता आणि त्या बाईने तुरुंग पत्करते म्हणून सांगितलं होतं. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, म्हणजे विधवांसाठीची शाळा, १८८९ ला मुंबईत सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलं. आणि या सगळ्या गदारोळात, जिथे जो तो शास्त्रार्थ सांगत होता, धर्म बुडाला म्हणत होता, तिथे एक सव्वीस वर्षांचा माणूस दर आठवड्याला एका मुलीच्या तोंडून तिच्या घरातलं सांगत होता, तिची आई कशी होती, वडिलांचा धाक कसा होता, आई गेल्यावर वडिलांनी दुसरं लग्न कसं केलं. त्यात शास्त्रार्थ नाही की व्याख्यान नाही. लोक अंकाची वाट बघायचे ते का, हे यातून समजतं.

तुम्हाला राग येतो, तर त्या रागाची जागा नीट शोधा असं मी म्हणेन. यमू लहान असते तेव्हाचं निवेदन परत काढून बघा. तिला सगळं दिसतं पण त्याचा अर्थ लागत नाही. वडील आईवर ओरडले की ती आणि दादा गप्प होतात, तेवढंच ती सांगते, बाबा वाईट असं म्हणत नाही. पुढे लिहायवाचायला लागल्यावर, मुंबईला गेल्यावर तिची वाक्यं बदलतात, ती मत द्यायला लागते. म्हणजे घाबरायला कसं शिकवलं जातं तेही ती सांगते आणि त्यातून थोडं थोडं बाहेर कसं यायचं तेही. पहिला अर्धा भाग काढून टाकला तर हे बाहेर येणं दिसणारच नाही. म्हणून तो लांब आहे. मला तरी त्यातलं एक पान कमी करावंसं वाटलेलं नाही.

हरिभाऊंना बायकांच्या माजघरातलं इतकं कसं माहिती हा प्रश्न दरवर्षी यायचा. ते मोठ्या एकत्र कुटुंबात वाढले होते. काशीबाई कानिटकरांशी त्यांची मैत्री होती, पत्रव्यवहार होता, आणि काशीबाई स्वतः घरच्यांचे टोमणे खात लिहायला शिकलेल्या. असा ऐकणारा माणूस त्या काळात विरळा होता. मला कादंबरीत सगळ्यात जास्त तेच जाणवतं, या माणसाने ऐकलंय.

तुमच्या शेवटच्या मुद्द्याबद्दल, म्हणजे हे कोणाचं दुःख, इथे माझ्यापेक्षा चांगलं सांगणारे लोक आहेत, त्यांनी लिहावं. एवढंच म्हणतो की तो मुद्दा टुटोरियलमध्ये जरूर लिहा. 'मराठी स्त्रीचं दुःख' असं सरसकट लिहिलेले शेकडो पेपर मी तपासलेत, तुमच्या पणजीच्या पाटाबद्दल लिहिलेला एकही पेपर माझ्याकडे आला नाही, आला असता तर मी तो वर्गात वाचून दाखवला असता.

शाईपेन

सरांबद्दल आदर आहे पण थोडी असहमती नोंदवते. मी ज्युनिअर कॉलेजला शिकवते, एसवाय टीवायचे क्लास पण घेतलेत.

कादंबरी थोर आहे यात वादच नाही. पण सेमिस्टर पॅटर्नमध्ये हातात किती तास असतात ते बघा, त्यात गणपती, दिवाळी, युवक महोत्सव, इंटर्नल. वर्गातल्या निम्म्या मुली सकाळी घरचं सगळं उरकून एसटीने येतात, काही पोरं अर्धवेळ कामाला आहेत. त्यांना एवढा जाड ग्रंथ, जुन्या छापाचा, लायब्ररीत दोन प्रती, आणि म्हणायचं रोज एक प्रकरण चवीने वाचा. मुलं गाईडकडे वळतात ती आळसाने वळतात असं मला वाटत नाही, त्यांच्यापुढे दुसरा रस्ताच ठेवलेला नसतो. मग होतं काय, की हरिभाऊ आयुष्यभरासाठी नावडते होतात. 'बापरे ती पण लक्षात' एवढीच आठवण राहते. मी स्वतः एमएला असताना ही वाचली तेव्हा झपाटून वाचली, पण तेव्हा मी हॉस्टेलला होते आणि मला वेळ होता.

माझं मत असं की वर्गात निवडक पंचवीस तीस प्रकरणं मोठ्याने वाचावीत, हो, मोठ्यानेच, कारण ही बोलण्याची भाषा आहे आणि कानाला ती लगेच समजते. डोळ्यांना अनुस्वार टोचतात, कानाला टोचत नाहीत. मी एकदा दुर्गीचा, म्हणजे यमूच्या मैत्रिणीचा, भाग वर्गात वाचून दाखवला, तिचं सासर, तिचा नवरा, तिचा छळ. एक मुलगी उठली आणि म्हणाली मॅडम आमच्या शेजारी हेच चालू आहे आत्ता. तास तिथेच थांबला, पुढे आम्ही पुस्तकाबद्दल बोललोच नाही, त्या शेजारणीसाठी काय करता येईल यावर बोलत बसलो. उरलेली कादंबरी त्या वर्गातल्या बऱ्याच जणींनी मग आपापली वाचली.

आणि काळी_माती, चीड येते तर येऊ दे. यमू तुला आवडलीच पाहिजे असा नियम नाही. माझ्या मते दुर्गीकडे जास्त लक्ष दे, सगळे यमूवर लिहितात आणि दुर्गी राहून जाते. यमूला निदान समजून घेणारा नवरा मिळाला, पाठीशी दादा होता. दुर्गीला काय होतं? यमूच्या घरी सुधारणा आली ती एका चांगल्या पुरुषाच्या हाताने आली आणि तो गेल्यावर तीही गेली, हे मला त्या कादंबरीतलं सगळ्यात भयंकर वाटतं. हरिभाऊंनी ते मुद्दाम तसं ठेवलंय असं मी मानते.

दूरदेशी

मी साहित्याचा विद्यार्थी नाही, इंजिनिअर आहे, गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत. धागा दिसला म्हणून लिहितोय कारण माझ्या घरचा विषय आहे.

माझ्या आईच्या आजीचं, म्हणजे माझ्या पणजीचं केशवपन झालेलं होतं. तेराव्या वर्षी विधवा. आईने तिला चांगलं आठ दहा वर्षं बघितलंय, पुण्यातल्याच वाड्यात. आलवण नेसायची, तांबडट, जाडंभरडं, पदर कायम डोक्यावरून पुढे ओढलेला. एक वेळ जेवायची. हळदीकुंकवाला पुढे यायची नाही पण त्याची सगळी तयारी, डाळ वाटण्यापासून फुलवाती वळण्यापर्यंत, हिच्याच हातची. आणि महिन्यातून कधीतरी मागच्या दारी न्हावी यायचा. तेव्हा मुलांना मागच्या पडवीत जायची बंदी. आई म्हणते आम्ही दाराच्या फटीतून बघायचो, ती पाटावर भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची, कोणी कोणाशी बोलायचं नाही, नुसता वस्तऱ्याचा आवाज.

आईने ही कादंबरी कॉलेजला असताना वाचली. सुट्टीत घरी गेल्यावर तिने आजीला पहिल्यांदाच विचारलं, तुझे केस कधी गेले गं. आजीने साल वगैरे काही सांगितलं नाही, केस किती लांब होते ते हाताने दाखवलं, कमरेच्या खाली. आणि परत वाती वळायला लागली.

नाशिककरांनी शेवटचं सांगितलं नाही पण मी सांगतो, कारण अभ्यासालाच आहे आणि न सांगून उपयोग नाही. रघुनाथराव गेल्यावर यमूचं जबरदस्तीने केशवपन केलं जातं, शंकरमामंजी पुढाकार घेऊन करवतात. ते पान मी आईसमोर मोठ्याने वाचू शकलो नाही. यमू गप्प का बसली म्हणून तुला राग येतो ना, तिथे ती गप्प बसत नाही, विरोध करते, आणि तिचा विरोध चालत नाही. माझी पणजी तेरा वर्षांची होती, तिने काही केलं असेल का, ओरडली असेल का, हे आम्हाला कोणालाच माहिती नाही, कारण तेव्हा विचारणारं कोणी नव्हतं. यमूचं निदान लिहिलं गेलं. माझ्यासाठी कादंबरीची किंमत ती आहे.

शाईपेन ताई, तुमचा मोठ्याने वाचायचा मुद्दा शंभर टक्के पटला. आईची नजर आता अधू झालीये, मी फोनवरून वाचून दाखवतो, तिला एक शब्द अडत नाही, मलाच अडतात आणि ती सांगते.

बांधावरून

काळी_माती, तुझा प्रश्न चूक अजिबात नाही, उलट तोच खरा प्रश्न आहे, आणि तो तुझ्या जिल्ह्यातल्याच एका बाईने ही कादंबरी यायच्या आधी लिहून ठेवलाय. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. 'स्त्रीपुरुष तुलना', १८८२. त्याच्या आदल्या वर्षी सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांना दोष द्यायची चढाओढ लागली, त्यावर चिडून ताराबाईंनी लिहिलं. आता बघ, ताराबाई मराठा घरातल्या, विजयालक्ष्मी ब्राह्मण, तरी ताराबाईंना ते दुसऱ्याच्या घरातलं वाटलं नाही. आणि त्या नुसत्या हळहळल्या नाहीत, त्यांनी पुरुषांना अक्षरशः फैलावर घेतलं, की जे दुर्गुण तुम्ही बायकांच्या अंगी लावता ते तुमच्यात कमी आहेत का? लोक तुटून पडले त्यांच्यावर. पाठीशी उभे राहिले जोतीराव फुले, त्यांनी आपल्या 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली.

तुला यमूची चीड येते ना, ताराबाई वाच, तुझी चीड तिथे आधीच लिहिलेली सापडेल.

अजून दोन गोष्टी, कारण 'तत्कालीन समाजाचं चित्रण' या प्रश्नाच्या उत्तरात या कधीच येत नाहीत. एक, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ ला पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं म्हणून, आणि तिथेच जन्मलेल्या एका मुलाला, यशवंतला, दत्तक घेतलं. हे सगळं यमूच्या पुण्यातच चालू होतं, यमूच्या वाड्याच्या भिंतीपलीकडे, पण कादंबरीत ते दिसत नाही. जोतीराव वारले ते पण १८९० च्या नोव्हेंबरात, 'करमणूक' निघाली त्याच वर्षी.

दुसरी गोष्ट न्हाव्यांची. दूरदेशी यांनी लिहिलेलं वाचून काळजात चर्र झालं, त्याच्या जोडीला हे पण सांगितलंच पाहिजे. १८९० मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे, म्हणजे गिरणी कामगारांचे पुढारी, 'दीनबंधु' चालवणारे सत्यशोधक, त्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेऊन ठरवलं की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. ज्यांच्या पोटाचा धंदा तो, त्यांनी ठरवलं! मोठमोठे शास्त्रीपंडित ज्यावर खल करत बसले होते ते हातावर पोट असलेल्या माणसांनी सभेत ठराव करून सांगितलं की हे पाप आम्ही करणार नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या माणसांचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. आमच्या घराण्यात तोच व्यवसाय होता, आजोबांपर्यंत.

म्हणून कादंबरी वाचू नको असं मी म्हणत नाही. हरिभाऊंनी जे घर दाखवलं ते आतून दाखवलं, आणि आपल्याच जातीच्या लोकांना राग येईल असं दाखवलं, ते सोपं नव्हतं. पण ते एक घर आहे. तुझ्या पणजीचं घर दुसरं. पाट लागला म्हणजे सगळं छान होतं असं पण नाही हां, पाटाच्या बाईला मान कमी असायचा, शुभकार्यात मागे ठेवायचे, पहिल्या नवऱ्याची लेकरं बऱ्याचदा सोडून यावी लागायची. आजीला विचार घरात, तिला माहिती असेल.

जुनं_कपाट

बांधावरून, फार चांगलं लिहिलंत. लोखंड्यांच्या सभेचा संदर्भ मी वर्गात द्यायचो पण कादंबरीशेजारी ठेवून कधी शिकवला नाही, शिकवायला हवा होता असं तुमचं वाचून वाटलं.

शाईपेन यांच्या निवडक प्रकरणांच्या सूचनेला मात्र माझा विरोध कायम आहे, कारण निवड कोण करणार? बहुतेक ठिकाणी आई, मुंबई आणि केशवपन एवढंच निवडलं जातं आणि कादंबरी खरोखरच रडगाणं होते. मधला रोजचा संसार, माजघरातल्या बारीकसारीक कुरबुरी, त्या दिसल्या नाहीत तर शंकरमामंजींसारखा माणूस एवढा माजतो कशाच्या जोरावर ते कळणार नाही. मोठ्याने वाचण्याला मात्र पूर्ण अनुमोदन. जुन्या पुस्तकांवरचा हक्क संपलेला असल्याने मजकूर सहज मिळतो, दोन प्रतींसाठी अडायचं कारण नाही, विद्यार्थ्यांना मोबाईलवर घेता येतो.

शाईपेन

सर, निवडीचा मुद्दा मान्य. मग निवड मुलांनाच करू द्यायची. प्रत्येकाने एक प्रकरण निवडून वर्गात वाचायचं आणि हेच का ते सांगायचं. पुढच्या सेमिस्टरला करून बघते.

काळी_माती

मला इतकं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे खूप आभार, दूरदेशी दादा तुमचे जरा जास्तच, तुमचं वाचून मी पुस्तक उघडलं आणि मुंबईचा भाग काल रात्री संपवला. नाशिककर दादा म्हणतात तसंच झालं, भारी पण वाटलं आणि पोटात गोळा पण आला.

मी आजीला विचारलं. ती आधी म्हणाली कशाला पाहिजे तुला ते. मग संध्याकाळी भाकरी थापता थापता आपणहूनच बोलायला लागली. पणजीला पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगी होती, ती तिकडेच ठेवून घेतली होती, आणि पुढे ती मुलगी लग्नाची झाली तेव्हा पणजीला लग्नात बोलावलं पण मांडवात पुढे येऊ दिलं नाही. ही लांबून बघून परत आली. हे घरात कोणालाच माहिती नव्हतं, माझ्या बाबांना पण नाही. आजीला तिच्या सासूने, म्हणजे पणजीनेच, एकदा सांगितलेलं. त्या मुलीचं नाव काय ते मात्र आजीला आठवेना.

यमूचा राग अजून आहे, पण आधीपेक्षा कमी. दुर्गीवर लिहायचं ठरवलंय टुटोरियल, मॅडमना विचारलं, त्या हो म्हणाल्या. आणि त्यात एक पान ताराबाईंवर आणि एक पणजीवर, मॅडम म्हणाल्या पणजी का ते नीट जोडून दाखव नाहीतर मार्क कापेन, ते बरोबरच आहे. रडणाऱ्या मैत्रिणीला न्हाव्यांच्या सभेचं सांगितलं तर ती म्हणाली हे मी लिहिणार, मग आमचं थोडं भांडण झालं, शेवटी तिला दिलं.

बांधावरून दादा, 'स्त्रीपुरुष तुलना' आमच्या लायब्ररीत नाहीये. कुठली प्रत बघू?

बांधावरून

स. गं. मालशे यांनी १९७५ ला परत छापून आणली होती, ती माग, आधी माहिती पण चांगली दिलीये. बुलढाण्याच्या जिल्हा ग्रंथालयात चौकशी कर, नसेल तर पुस्तक छोटंच आहे, मी माझ्या प्रतीचे फोटो काढून टाकतो, मेसेज कर. आणि तुझं टुटोरियल झालं की इथे नक्की टाक, वाचायचंय.

दूरदेशी

मलाही वाचायचंय, आणि आईलाही वाचून दाखवेन. आणि त्या मुलीचं नाव आजीला परत एकदा विचार, घाई करू नको, दुसरं काही काम चालू असताना विचार.